चतुराबाईचा खरा आकडा

चतुराबाईला खोटं बोलता येत होतं हे सांगणं म्हणजे म्हशीला पोहता येतं हे सांगण्यासारखं आहे. वालूरच्या पुढच्या एका गावात ती वीस वर्षं बायांच्या टोळीची मुकादमीण होती. शेतमालकाला अकरा बाया कबूल करायच्या आणि नऊ न्यायच्या, त्या नऊजणींना आता चारच पाती राहिल्यात म्हणून सांगायचं आणि सात खुरपून घ्यायच्या, हे ज्याला जमत नाही त्यानं मुकादमी करू नये. या खोट्यानं कुणाचं वाईट झालं नव्हतं. रान वेळेवर साफ व्हायचं आणि बाया उन्हं कलायच्या आत घरी पोचायच्या. तिच्या आयुष्यात एकच खोटं असं निघालं की ते तिच्यावरच उलटलं, आणि उलटून थेट डाव्या गुडघ्यात जाऊन बसलं.

गुडघे तसे दोन्ही गेलेले होते. साठीला टेकलेली बाई, त्यातली चाळीस वर्षं उकिडवं बसून खुरपण्यात गेलेली. ती उठायला लागली की असा आवाज व्हायचा की नवरा सटवाजी म्हणायचा, "कडब्याची पेंढी मोडल्यावानी वाजायलीस." सटवाजीचे स्वतःचे गुडघे उत्तम होते. ते त्यानं आयुष्यभर जपून वापरले होते.

पाच वर्षांपूर्वी तिला पहिली गोळी दिली आश्रुबानं. आश्रुबा परभणीत एका डॉक्टरकडे सतरा वर्षं कंपाउंडर होता. डॉक्टर वारले आणि आश्रुबा गावी येऊन डॉक्टर झाला. गावाला काही फरक जाणवला नाही. उलट आश्रुबा बोलावल्याबरोबर यायचा आणि तपासण्यात वेळ घालवायचा नाही. त्यानं दिलेल्या गोळीचं खरं नाव ट्रामाडोल. ही अफूच्या नात्यातली गोळी आहे; सख्खी नाही, चुलत म्हणा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, थोडेच दिवस, मोजून घ्यायची वस्तू. आश्रुबानं मात्र तिची ओळख 'वाताची पिवळी' अशी करून दिली आणि गावात तेच नाव रुळलं.

पहिल्या दिवशी चतुराबाईनं अर्धी खाल्ली आणि गुडघा मुकाट कामाला लागला. वर्षभरानं त्याला दोन लागू लागल्या, मग चार. आता रोजच्या आठ झाल्या होत्या आणि गुडघा तरीही कुरकुरत होता. गोळीला उशीर झाला की तिला जांभयांवर जांभया यायच्या, नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पोटऱ्यांत मुंग्या फिरायच्या. याला ती वात खवळला म्हणायची आणि आणखी एक खायची. म्हणजे गोळीनं लावलेलं दुखणं गोळीनंच बरं व्हायचं, आणि नाव वाताचं बदनाम.

टोळीत तर पिवळीचा रिवाजच पडला होता. दुपारी बांधावर भाकरी झाली की कुणाची कंबर धरलेली असायची, कुणाचा खांदा. चतुराबाई पिशवीतून पट्टी काढायची, गोळी दातानं मोडायची आणि अर्धी अर्धी एकेकीच्या हातावर ठेवायची. मोठ्या बाईनं पुढं केलेली गोळी नको म्हणणं म्हणजे कुंकू न लावता दारातून माघारी जाण्यासारखं होतं. जिचं काही दुखत नव्हतं तीसुद्धा मान राखायला घ्यायची.

परभणीच्या हाडांच्या दवाखान्यातले डॉक्टर सारंग तरुण होते आणि तोंडानं गोड होते. त्यांनी फोटो पाहिला आणि दोन्ही गुडघे बदलावे लागतील म्हणून सांगितलं. आधी डावा, तीन महिन्यांनी उजवा. चतुराबाईला एकच विचारायचं होतं, आणि ते तिनं दोनदा विचारलं: दिवाळीनंतर कापूस वेचायला टोळीच्या पुढं उभं राहता येईल का? कारण टोळीत पहिली पात, म्हणजे सगळ्यांच्या पुढची ओळ, मुकादमिणीची. गेलं वर्षभर ती बांधावर बसून ओरडत होती, आणि बसून ओरडणाऱ्या मुकादमिणीला बाया फार दिवस मानत नाहीत. तिच्या मागच्या पातीवरची गयाबाई हळूहळू पुढं सरकत होती. ओरडतही नव्हती, नुसती सरकत होती. त्याचीच भीती जास्त.

डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं तर का नाही?

आता ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाला विचारतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत? चतुराबाईला हे तीन जणांनी विचारलं. पण आश्रुबानं तिला आधीच पढवून ठेवलं होतं की गोळीचं नाव काढलं की तारीख पुढं ढकलतात. त्याला पुरावाही होता. शेजारच्या महारुद्रच्या आईची तारीख साखरेपायी तीनदा पुढं गेली होती, आणि चौथ्या तारखेच्या आधी म्हातारीच पुढं गेली. म्हणून चतुराबाईनं डॉक्टरांना सांगितलं, काही नाही. नर्सला सांगितलं, काही नाही. तिसरी भूल देणारी बाई होती, ती जरा चिवट निघाली. तिला सांगितलं की लयच झालं तर महिन्यातून एखादी साधी.

"कोणती साधी?"

"पांढरी," चतुराबाई म्हणाली.

शेजारी सटवाजी उभा होता. रोज सकाळी पट्टीतून दोन पिवळ्या दाबून काढायचं काम त्याच्याकडे होतं. तो वर छताच्या पंख्याकडे असा पाहत राहिला, जणू आयुष्यात पंखा प्रथमच पाहतोय.

ऑपरेशन छान झालं. दुपारपर्यंत कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं आणि चतुराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दवाखान्याची तारीफ सांगत होती. मग भूल उतरली.

त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. शेजारच्या खाटेवर पाथरीचे किशनराव म्हणून एक निवृत्त कारकून होते. त्यांचाही गुडघा त्याच दिवशी बदललेला. तेही कण्हले, पण औषध दिल्यावर पेपर वाचायला लागले. चतुराबाईला तेच औषध, त्याच मापानं दिलं, आणि ते कुठं गेलं ते कळलंसुद्धा नाही. ती घामानं भिजली. नाक गळायला लागलं, जांभया आवरेनात, नवा पाय जागचा हलेना आणि जुना पाय जागेवर राहीना. नर्सला वाटलं बाई घाबरलीय. किशनरावांना वाटलं बाई नाटकी आहे, आणि त्यांनी ते पेपरच्या आडून बोलूनही दाखवलं. चतुराबाईला मात्र पक्की खात्री झाली की गुडघा उलटा बसवलाय.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. गुडघा सुलटा होता. चित्रात दाखवावा इतका सुलटा होता. त्यांनी औषध थोडं वाढवलं आणि कपाळाला आठी घालून निघून गेले. महिन्यातून एखादी पांढरी खाणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त कसं द्यायचं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

दुसऱ्या दिवशी वैदेही आली. ही पाय चालवून घेणारी बाई, वयानं चतुराबाईच्या मुलीएवढी. शाळेच्या कंपासपेटीत असतो तसला, पण हातभर लांब कोनमापक घेऊन फिरायची. तो गुडघ्याला लावून तिनं सांगितलं की किशनरावांचा साठ अंशांपर्यंत वाकतोय आणि मावशींचा तीसला थांबतोय. नव्वदपर्यंत न्यायचाय. नव्वद म्हणजे खुर्चीत नीट बसता येतं, जिना उतरता येतो. पहिल्या काही आठवड्यांत वाकवला तर वाकतो. नाहीतर आतमध्ये जखम भरताना चिकटत जाते आणि मग गुडघा ओल्या भिंतीत रोवलेल्या खुंटीसारखा पक्का होतो. चतुराबाईनं तिला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोळी भेटायला आली. जीपमध्ये नऊ जणी, भाकरीची गाठोडी, ठेचा, आणि कुणीतरी दवाखान्यात आणू नये असा लसणाचा वास. नर्सनं एका वेळी एकीलाच आत सोडायचं ठरवलं. हा नियम शिस्तीसाठी होता आणि सगळा घोटाळा त्यानंच झाला. एकेक बाई आत आली, मुकादमिणीचं तोंड पाहून तिचं काळीज हललं, आणि आपल्या पदराची गाठ सोडून तिनं गुपचूप एक पिवळी तिच्या हातावर ठेवली. चतुराबाईनं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पाच तिनं जागेवर गिळल्या, चार उशीखाली सारल्या. वरून दवाखान्याचं सकाळचं इंजेक्शन होतंच.

दहा वाजता वैदेही कोनमापक घेऊन आली तेव्हा चतुराबाई हसत झोपली होती. वैदेहीला आधी बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की ओठ निळसर दिसतायत आणि मावशी एकदा श्वास घेतात, दुसऱ्याची आठवण मात्र त्यांना फार उशिरा होतेय. हाका मारल्या, गाल थोपटले. काही नाही. मग जी पळापळ झाली ती किशनरावांनी पुढं वर्षभर पाथरीला रंगवून सांगितली. ऑक्सिजन लावला, अफूचा अंमल उतरवायचं इंजेक्शन दिलं. ते इंजेक्शन असं आहे की ते माणसाला उठवतं आणि गोळीनं अडवून धरलेलं सगळं दुखणं एकदम अंगावर सोडतं. चतुराबाई उठली आणि तिनं दवाखान्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. ते ऐकून वैदेही खाली बसली आणि तिनं कपाळाचा घाम पुसला. बाई वाचली होती.

उशीखाली चार गोळ्या निघाल्या. एक साडीच्या चिंधीत, एक कुंकवाच्या पुडीत, एक पेपरच्या कपट्यात, एक तशीच.

डॉक्टर सारंग खाली गेले. आवारात कडुनिंबाखाली टोळी भाकरी खात बसली होती. त्यांनी गोळी तळहातावर धरून विचारलं की ही मावशींना कुणी दिली. बायांनी आधी गोळीकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग भाकरीकडे. अशी कुठलीच वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की वर मावशी मरता मरता राहिल्या.

तेव्हा केवळाबाई नावाची सगळ्यात साधी बाई रडायला लागली. "म्या दिली, सायेब. पर एकच दिली. एकीनं काय व्हतंय मनून."

"आगं, म्या बी एकच दिली," दुसरी म्हणाली.

मग तिसरी. नऊ जणींनी एकमेकींची तोंडं पाहिली. प्रत्येकीनं एकच दिली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं की एवढी माया आपल्या एकटीलाच.

डॉक्टर पुन्हा वर आले. त्यांनी खुर्ची ओढली, वैदेही कागद घेऊन उभी राहिली, आणि दारात नऊ जणी गोळा झाल्या. त्यांना हाकलायला नर्स विसरली. डॉक्टरांनी साधं विचारलं, मावशी, रोज किती?

"दोन."

डॉक्टरांनी वैदेहीला तो आकडा लिहू दिला नाही. मग त्यांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की किशनरावांनीही पेपर खाली केला. ते म्हणाले, माणसाच्या अंगातच दुखणं शमवणारा एक सालगडी असतो. देवानं दिलेला, घरचा. तुम्ही वर्षानुवर्षं बाहेरून मजूर लावला. सालगड्यानं पाहिलं, आपलं काम दुसराच करतोय. तो झोपला. मजूर रोज जास्त मागायला लागला, आणि तुम्ही देत गेला. आता ऑपरेशनच्या दिवशी काम आलं दहापट, मजूर राहिला दवाखान्याच्या बाहेर, आणि सालगडी काही उठेना. म्हणून किशनरावांना जे औषध पुरतं ते तुम्हाला पुरत नाही. तुम्ही नाटक करत नाही. दुखणं खरं आहे.

हे शेवटचं वाक्य ऐकून चतुराबाईनं किशनरावांकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर परत वर केला.

डॉक्टर म्हणाले की मजूर एकदम काढता येत नाही. आधी लागतंय तेवढं द्यायचं आणि मग पायरी पायरीनं उतरवायचं, तोवर गडी उठतो. पण पहिली पायरी कुठली ते कळल्याशिवाय उतरणार कसं? दोन सांगितल्या तर दोनच्या हिशोबानं औषध देऊ, उरलेल्यांचं, मग त्या सहा असोत की दहा, दुखणं तुम्ही सोसायचं.

"सहा कुठून आल्या?" चतुराबाईनं विचारलं. "तीन."

"मावशी."

"चार. पर पाऊसपाण्याच्या दिवसात."

मुकादमिणीनं आयुष्यभर आकडे वरून खाली आणले होते. खालून वर जायची तिला सवय नव्हती. शिवाय दारात गयाबाई उभी होती. ती कोण हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं, पण चतुराबाईला दारात नऊ तोंडं दिसत नव्हती, एकच दिसत होतं. टोळीच्या पुढं चालणारी बाई गोळीच्या जोरावर चालत होती, हे एकदा त्या दारातून बाहेर पडलं की वालूरच्या बाजारात जायला त्याला किती वेळ?

तिनं विचारलं, खरं सांगितलं तर उजव्याची तारीख पुढं जाईल का? डॉक्टर म्हणाले, जाईल. गोळ्या बंद झाल्याशिवाय मी उजव्याला हात लावणार नाही. चतुराबाईला वाटलं होतं माणूस निदान इथं तरी खोटं बोलेल. तिला त्याची थोडी कीव आली.

मग वैदेही बोलली. तिनं सांगितलं की डावा अजून तीसलाच आहे, कारण तुम्ही हात लावू देत नाही. तारखा मागंपुढं होत राहतात. हा गुडघा थांबणार नाही. तो आजपासूनच आखडायला लागलाय.

चतुराबाईनं आपल्या पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला. मग दाराकडे न बघता म्हणाली, "आठ." आणि वैदेहीनं लिहून घेतल्यावर, "बाजारच्या दिशी नऊ."

 सटवाजी हळूच म्हणाला की कधी कधी दहा, आणि त्याला एक अशी नजर मिळाली की तो बाहेर पाणी प्यायला गेला.

त्या दिवसापासून औषध लागू पडलं. दुखणं गेलं नाही, पण बसून बोलण्याजोगं झालं. पंधराव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा गुडघा पंचावन्नवर होता. किशनराव चौथ्या दिवशीच घरी गेले होते, नव्वदला टेकून, आणि जाताना कोनमापकाकडे बघून असे हसले होते की जणू तो त्यांनीच शोधून काढला.

घरी आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. डॉक्टरांनी कागद दिला होता: या आठवड्यात इतक्या गोळ्या, पुढच्या आठवड्यात एक कमी, असं उतरत शून्यापर्यंत. गोळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात ठेवायच्या. सटवाजीच्या ताब्यात ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी चतुराबाईनं त्याच्या आईवरून सुरुवात केली, आजीपर्यंत पोचली, आणि सटवाजीनं दोन जास्तीच्या देऊन टाकल्या. पूर्वजांची त्याला फार चाड होती असं नाही, पण त्याला दुपारची झोप हवी होती.

तेव्हा चतुराबाईनं स्वतःच तोड काढली. तिला आयुष्यात एकच पद्धत माहीत होती. रान मोठं असलं की ते एकीच्यानं होत नाही. पाती पाडायच्या आणि एकेक पात एकेकीला धरायला लावायची. तिनं टोळी बोलावली आणि वार वाटून दिले. ज्या बाईचा वार तिनं त्या दिवसाच्या तेवढ्याच गोळ्या पदरात बांधून आणायच्या, वेळेला द्यायच्या, आणि गुडघा वीस वेळा वाकवल्याशिवाय उठायचं नाही. उरलेल्या कुठं ठेवल्यात ते तिला सांगायचं नाही. कुणाला दया आली तर तिनं आपला वार दुसरीला द्यावा आणि घरी बसावं.

ज्यांनी एकेक करून तिला नऊ गोळ्या दिल्या होत्या, त्याच आता एकेक कमी करायला बसल्या. केवळाबाई रडत रडत पाय दाबायची, पण दाबायची. यातल्या चौघीजणींना तर या निमित्तानं आपल्याच जांभयांचा अर्थ कळला आणि त्याही परभणीला डॉक्टरकडे जाऊन आल्या.

सोमवार गयाबाईचा होता. सोमवारी पोटऱ्यांत मुंग्या जास्तच यायच्या, किंवा चतुराबाईला तसं वाटायचं. तिसऱ्या सोमवारी तिनं सगळे उपाय करून पाहिले. आधी आवाज चढवला, मग उतरवला, मग गयाबाईच्या सुनेची तारीफ केली. शेवटी दार लोटून घेऊन म्हणाली की एक गोळी जास्तीची दे, या वर्षी पहिली पात तुझी.

गयाबाईनं पदराची गाठ आणखी आवळली. "पात मला तशीबी भेटायलीय, माय. तू गुडगा वाकव."

चतुराबाईनं त्या दिवशी रागानं पंचवीस वेळा वाकवला.

मधे एकदा आश्रुबा आला, अर्धा डझन केळी आणि एक पट्टी घेऊन. असं सोसून काय बक्षीस घ्यायचंय का, अंगाला सवय झालेली वस्तू तोडू नये, मोठ्या डॉक्टरांना हे कळत नसतं, असं त्यानं बरंच समजावलं. चतुराबाईनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, एवढ्या लांबून इलाज करायला आलास तर करून जा, आणि त्याला खाटेसमोर बसवून पाऊल त्याच्या हातात दिलं. गुडघा कसा वाकवायचा ते मंगळवारवाल्या बाईनं दाखवलं. तीस वेळा म्हणजे तीस वेळा. विसाव्याला आश्रुबाच्या टकलावर घाम आला. चतुराबाई ओरडत होती, शिव्या देत होती आणि सोडत नव्हती. सतरा वर्षं दुसऱ्याचं दुखणं पाहिलेल्या माणसानं ते प्रथमच हातात धरलं होतं. तो केळी ठेवून गेला आणि पट्टी परत घेऊन गेला. नंतर महिनाभर तो त्या गल्लीनं आला नाही.

दसऱ्याला चतुराबाई दोनवर आली. दिवाळीच्या आत शून्य. मधल्या काही रात्री कशा गेल्या ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि जे तिनं सांगितलं नाही ते आपणही विचारू नये. पण एक झालं. गोळी नसतानाही गुडघा सहन होण्याइतकाच दुखायला लागला. अंगातला गडी डोळे चोळत का होईना, उठला होता.

तुळशीचं लग्न झाल्यावर दवाखान्यात तपासणी होती. वैदेहीनं कोनमापक लावला, पुन्हा लावला. ब्याऐंशी.

चतुराबाईनं विचारलं, राहिलेले आठ कवा येतील?

वैदेहीनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर सारंग म्हणाले की एखाददुसरा येईल, सगळे येतीलच असं सांगत नाही. सुरुवातीचे जे दिवस गेले ते परत मिळत नाहीत. चालाल, जिना चढाल, खुर्चीत बसाल. डावा थोडा ताठ राहील, एवढंच. चतुराबाईला राग आला, पण कुणावर काढावा ते समजेना. आकडा तिचाच होता.

मग त्यांनी उजव्याचा कागद पुढं ओढला. तारीख ठरली होती, पुढच्याच आठवड्यातली. पेन उघडून त्यांनी विचारलं की गोळ्या पूर्ण बंद ना?

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. सटवाजीचं तोंड 'हो' म्हणायला अर्धं उघडलेलंही होतं. चतुराबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्या उत्तम गुडघ्यावर, आणि तो गप्प झाला.

"भाऊबीजेला पाथरीला गेल्ते," ती म्हणाली. "भावजयीपाशी पट्टी व्हती. एक खाल्ली. दुसऱ्या दिशी अर्धी. तवापासून न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण बरंही वाटलेलं दिसत होतं. दोन्ही एकदम लपवायचं त्यांना जमलं नाही. दीड गोळीनं जग बुडत नाही, ते म्हणाले, पण उजव्याच्या वेळी आपला गडी पुरता जागा पाहिजे, डाव्यासारखं व्हायला नको. संक्रांतीनंतर करू.

पुढच्या आठवड्यात झालं असतं तर शेवटची वेचणी तरी सापडली असती; संक्रांतीनंतर म्हणजे कापूस संपलेला. म्हणजे पहिली पात या वर्षी गयाबाईची. चतुराबाईनं ते बसल्या जागी मान्य केलं आणि वर डॉक्टरला म्हणाली की मग पक्की तारीख लिहा, अशी मोघम नको, मला बायांना सांगावं लागतं.

बाहेर आले तर वीज गेलेली आणि लिफ्ट बंद. सटवाजी जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाला की नुसतं बंद म्हणायला काय झालं होतं, कोण पाथरीला विचारायला जाणार होतं?  चतुराबाईला दुसरीच अडचण पडली होती. वैदेहीनं जिन्याचा नियम शिकवला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आता यातला चांगला कुठला? डावा नवा, पण ताठ. उजवा दुखतो, पण वाकतो. दोन्ही गुडघे तिच्याकडे बघत उभे होते.

"उतर की," खालून सटवाजी म्हणाला. "जीपवाला निघायलाय."

"थांबा जरा. चांगला कोन्ता ते ठरवायलेय."

तिनं कठडा धरला. डावा पाय वरच्या पायरीवर घट्ट रोवला, त्याच्यावर भार टाकून पाहिला. धरला त्यानं. मग उजव्या गुडघ्याला म्हणाली, "चल, तू आधी. तुपली पाळी संक्रांतीनंतर हाय," आणि तो पहिल्या पायरीवर खाली ठेवला.